वारूळ राखलं, जागा पेरली

माझ्या धाकट्या भावाने मला फसवलं. बिलोली तालुक्यातल्या आमच्या गावी आईबापाचं पाच एकर काळं रान आहे. त्यातला माझा हक्क मी सही करून त्याला सोडून दिला, बदल्यात एकच गोष्ट मागितली, आणि ती त्याने अशी दिली की दिली म्हणायलाही सोय आणि न दिली म्हणायलाही सोय. तो म्हणतो, दिली. गावातले पुरुष त्याच्या बोलण्यावर मान हलवतात. म्हणून मी हे लिहून ठेवते आहे.

फसवणूक केवढी आहे ते कळायचं तर आधी माझा धंदा कळायला हवा. मी चिंचेचा व्यापार करते. सुरुवातीला लातूरला दुसऱ्याच्या गोदामात रोजाने चिंच फोडायला बसत होते, आता स्वतःचं गोदाम आहे आणि तिथे चौदा बाया फोडायला बसतात. दिवाळीच्या सुमारास चिंच झाडावर हिरवी असते, तेव्हाच आम्ही व्यापारी गावोगाव फिरून उभी झाडं घेतो. झाडाखाली उभं राहून वर बघायचं. चिंचा मोजत बसायच्या नाहीत, फांदी किती वाकली ते बघायचं. मग मालकाशी बोलायचं. मालक सांगेल त्याच्या निम्म्यापासून मी सुरू करते आणि आवाज चढवते. शिरूर अनंतपाळकडचा एक शेतकरी मला बघून लांबूनच म्हणाला होता, "आली बाबा वादळबाई. आता निम्मा बहर बोलण्यानंच गळतो."

पण आवाज ही वरवरची गोष्ट आहे. खरी हुशारी अटींमध्ये असते. वाऱ्याने पडलेली चिंच कोणाची? वानरांनी खाल्ली तर कोणाच्या वाट्याची? झोडपायला माणसं कोणाची? झाडाखाली ताडपत्री अंथरायला जागा कोण देणार, आणि तिथे हरभरा उभा असला तर काय करायचं? हे सगळं मी झाडाला हात लावण्याआधी ठरवते. झाडाखालची जागा मागून न घेता मी आजवर एकही झाड घेतलेलं नाही.

ही मी, आणि मला माझ्या भावाने फसवलं.

आमच्या रानात पूर्वेच्या अंगाला एक वारूळ आहे. माणसाच्या छातीएवढं उंच, तीन शेंड्यांचं. मी लहान होते तेव्हाही ते तेवढंच होतं आणि माझी आई नांदायला आली तेव्हाही तेवढंच होतं, असं ती सांगायची. नागपंचमीला सगळ्या गावच्या बाया तिथे जातात. लाह्या, फुटाणे, दूध आणि कापसाचं वस्त्र वाहून झालं की वारुळाभोवती फेर धरतात. वारुळाच्या चारी बाजूंनी बैलगाडी वळेल एवढी जागा आमच्या वडिलांनी कधी नांगरली नाही. तिथे नुसती हरळी असायची, आणि पिढ्यान्‌पिढ्या बायांच्या पायांनी दबून गोल झालेली जमीन.

फेर उचलायचा मान आमच्या आईचा होता. म्हणजे पहिली ओळ तिने म्हणायची, पहिलं पाऊल तिने टाकायचं. तिचं पाऊल गावात वेगळं होतं. उजवा पाय पुढे, पण लांब नाही, वीतभरच. डावा त्याच्या टाचेपाशी. पुन्हा उजवा. मग जरा थांबून कमरेत झुकायचं. डावा हात पोटाशी, उजव्या हाताची मूठ पुढे यायची आणि बोटं हळूच सुटायची, पुन्हा मिटायची. बाकीच्या बाया टाळी वाजवायच्या, आई मूठ सोडायची. मला ते फार सुंदर वाटायचं. मी तिच्यामागे परकर सावरत तसंच करायची. माझी समजूत अशी होती की ती नागोबावर फुलं टाकते आहे, फक्त हातात फुलं नाहीत.

लातूरला आमच्या अपार्टमेंटमध्ये सकाळी गच्चीवर बायांना व्यायामाचा नाच शिकवायला एक मुलगी येते. मोबाइलवर गाणं लावून हात वर, हात खाली. एकदा तिने मला विचारलं, "काकू, तुमच्याकडचं काहीतरी दाखवा ना." मी आईचं पाऊल दाखवलं आणि छाती काढून सांगितलं की आमच्याकडे अशी फुलं वाहतात. सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. ती मुलगी आता ते पाऊल शेवटी अंग सैल सोडायला घेते. त्याला तिने नाव ठेवलंय 'फुलांची स्टेप'. हे नाव किती चुकीचं आहे ते मला पुढे कळलं, पण गच्चीवर अजून मी कबूल केलेलं नाही.

आई गेली आणि मी पंचमीला माहेरी जाणं सोडलं. तेव्हा धंदा नवा होता, वेळ नव्हता, असं मी सांगते. खरं म्हणजे आईवाचून फेर बघायचा नव्हता. वीस-एक वर्षं अशी गेली.

मला परत नेलं ते किनवटच्या चिंचांनी. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या दिवसांत तिकडच्या एका जंगलातल्या गावी मी झाडं बघायला गेले. नांदेडहून रेल्वे, मग जीप, मग पायी. झाडं अशी की बघून तोंडाला पाणी सुटावं. पण मालक, एक सत्तरीचा म्हातारा, ढोलाच्या मागे उभा. त्यांच्याकडे त्या दिवसांत दंडार चालते, गावच्या गाव नाचतं.

मी म्हटलं, "बाबा, मी लातूरहून आले. दोन शब्द बोलू, मग तुम्ही खुशाल नाचा."

म्हातारा म्हणाला, "आज बोली न्हाई. नाचनार असशील तर ये, न्हाईतर सावलीत बस."

"माझी परतीची गाडी जाईल!"

"जाऊ दे. उद्याबी येते ती."

मी रागारागाने सावलीत बसले. माझ्यासारखीला आजवर कोणी असं बसवून ठेवलं नव्हतं. ढोल चालूच. मग त्याची म्हातारी आली, माझा हात धरला आणि मला बायांच्या रांगेत ओढलं. एकमेकींच्या कमरेला हात, पाऊल पुढे, पाऊल मागे. मला त्यांचं पाऊल येत नव्हतं. माझ्या पायांनी मला न विचारता आईचं पाऊल टाकायला सुरुवात केली, वीतभर पुढे, टाचेला टाच. रांगेचा ताल गेला. बाया हसून लोळायच्या बाकी राहिल्या. म्हातारी मात्र खाली वाकून माझ्या पायांकडे बघत होती. तिने विचारलं, "हा पाय कुनाचा?"

"माझ्या आईचा," मी म्हटलं.

"मंग तिकडं जाऊन नाच की. हितं आमचा ताल कशाला बिगडवून राहिलीस?" म्हातारी म्हणाली, आणि पुन्हा सगळ्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या म्हाताऱ्याशी बोलताना माझा आवाज एकदाही चढला नाही. ती झाडं मी जास्त पैसे मोजून घेतली. घरात अजून सांगितलेलं नाही, इथेच पहिल्यांदा लिहिते आहे.

पुढच्या पंचमीला मी माहेरी गेले. वारूळ तिथेच होतं, हरळी तिथेच होती. आईचा मान आता माझ्या चुलतीकडे आला होता. चुलती ऐंशीच्या पुढची, अंगाने काडी, आवाज मात्र सबंध शिवारात ऐकू जाईल असा. तिने मला रांगेत आपल्या मागे घेतलं. बावीस बाया होतो. वीस वर्षांनी माझे तळवे त्या हरळीवर टेकले आणि पोटरीतून काहीतरी वर चढत आलं. मी लातूरला परतले ती आठवडाभर कोणावर ओरडले नाही. गोदामातल्या बाया एकमेकींना विचारत होत्या की मालकीणबाई आजारी आहेत का.

त्यानंतर वर्षभरात भाऊ लातूरला आला. हातात मुगाची पिशवी, तोंडात साखर. आमच्याकडे तेलंगणाची हद्द जवळ, म्हणून तो मला अक्का म्हणतो आणि मी त्याला तम्मा म्हणते. चहा झाला, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली, मग म्हणाला, "अक्का, एक सही पायजे."

"कशावर?"

"हक्कसोड. रान माझ्या एकट्याच्या नावावर झालं की ठिबकचं, विहिरीचं समदं सोपं पडतं. तुला काय कमी हाय? तू तर लातूरची शेठानी."

मी तासभर त्याच्यावर ओरडले. ओरडायचा माझा हक्क होता, तो काही मी सोडलेला नव्हता. पण मनात ठरलेलं होतं. मला रान कसायचं नव्हतं. मी म्हटलं, "सही देते. एक अट हाय. वारूळ मोडायचं न्हाई. तुझ्या हयातीत न्हाई, तुझ्या पोरांच्या हयातीत न्हाई."

"दिलं!" तो म्हणाला.

"आईची शपथ घे."

"आईची शपथ. वारुळाला हात लावनार न्हाई, लावू देनार न्हाई."

व्यवहारात समोरचा एवढ्या चटकन 'दिलं' म्हणाला की मला लगेच शंका येते. मी उठून जायचं नाटक करते, पुन्हा बसते, पुन्हा सगळं तपासते. त्या दिवशी मी उठून त्याच्यासाठी गरम पोळ्या केल्या. पंधरा दिवसांनी बिलोलीच्या रजिस्ट्रार कचेरीत जाऊन अंगठा, फोटो, सही, सगळं देऊन आले. येताना त्याने मला बसस्टँडवर उसाचा रस पाजला.

या वर्षीच्या पंचमीला मी हिरवं इरकल नेसून गेले. बायांची रांग गाणी म्हणत बांधावरून निघाली. पाऊस सकाळीच उघडला होता. पुढे चुलती, तिच्यामागे मी, माझ्यामागे माझी भावजय पूजेचं ताट घेऊन. बांधाचं वळण आलं आणि चुलती थांबली. मी तिच्या खांद्यावरून बघितलं.

वारूळ होतं. वारुळाला झेंडूची माळ होती. हळदकुंकू होतं. बुडाशी चुन्याचा पांढरा गोल ओढलेला होता, लग्नातल्या चौरंगाभोवती रांगोळी काढावी तसा. आणि त्या गोलापासून हातभर अंतरावर सोयाबीन. चारी बाजूंनी सोयाबीन. हरळी नाही, दबलेली गोल जमीन नाही. दुबार पेरणीचं पीक, नडगीएवढं, हिरवंगार, आखून काढल्यासारख्या ओळी वारुळाला दोन्हीकडून चिकटून पुढे गेलेल्या.

भाऊ बांधावर उभा होता, धुतलेलं धोतर आणि नवी टोपी. मला म्हणतो, "बघ अक्का, कसं जपलंय. माळबी मीच घातली."

"जागा कुठंय?" मी विचारलं.

"कुठली जागा?"

"फेराची! बाया नाचनार कुठं, तुझ्या डोक्यावर?"

"तू वारूळ म्हनलीस. वारूळ हाय. जागेचं तू बोलली न्हाईस."

 जे वाक्य मी गावोगावच्या शेतकऱ्यांना ऐकवलं होतं, तेच माझ्या पदरात पडलं. आणि जो माणूस ते बोलत होता, त्याला लहानपणी बाजारात खडीसाखरेवर घासाघीस करायला मीच शिकवलं होतं.

मग मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. चुलतीने कानांवर पदर घेतला, एवढं सांगते. भाऊ शांत होता. तो का शांत आहे ते मला जरा वेळाने कळलं. माझी भावजय त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "वन्सं, चार-चार ओळी उपटून टाकू का? होईल तेवढी जागा."

"पंचमीला?" चार बाया एकदम ओरडल्या.

पंचमीला आमच्याकडे काही चिरत नाहीत, कापत नाहीत, खणत नाहीत. भाजीला विळी लागत नाही, चुलीवर तवा चढत नाही. मातीत लोखंड घालायचं नाही आणि मातीतून काही उपटायचंही नाही. बरं, तुडवावं तर त्या सगळ्या शेतकऱ्यांच्याच लेकीसुना. उभ्या पिकावर पाय देणं त्यांना भरल्या ताटावर पाय देण्यासारखं. भावाने हे सगळं हिशेबात धरलं होतं. उपटायचं तर आज चालत नाही, आणि उद्या फेर नाही.

"डांबरी सडकेवर धरू की फेर," एका पोरीने सुचवलं.

"न्हाईतर देवळाम्होरं," दुसरी म्हणाली.

चुलती तिच्यावर खेकसली, "नाग काय देवळाम्होरं येनार हाय व्हय, तुझा नाच बगाया?"

म्हातारीने चपला बांधावर काढल्या. नऊवारीचा काष्टा वर खोचला. मग सोयाबीनच्या दोन ओळींमधल्या दीड फुटात तिने उजवा पाय टाकला, वीतभर. डावा टाचेपाशी. तिने मागे न बघता हाक दिली, "या. एकीमागं एक. झाडाला धक्का लागला तर माझ्याशी गाठ हाय."

आणि तिने गाणं उचललं.

पावसाने रान भिजलेलं. काळी माती अशी की पाऊल टाकलं की धरून ठेवते. चार पावलांत प्रत्येकीच्या तळव्याला मातीची दुसरी चप्पल तयार झाली. पाय उचलायचा तर सगळं अंग उचलावं लागत होतं. दोन्ही बाजूंनी सोयाबीनची पानं पोटरीला लागत होती, ओली आणि लवदार. नाकतोडे उडून इरकलावर बसत होते. लांब पाऊल टाकताच येत नव्हतं, रुंद टाकता येत नव्हतं, टाळी वाजवायला कोपरं पसरता येत नव्हती. आणि पुढे चुलती आणि मागे मी, दोघींच्या पायांना काहीच अडचण नव्हती. वीतभर पुढे, टाचेला टाच, झुकायचं, मूठ सोडायची. ते पाऊल त्या दीड फुटात असं बसलं की जणू कोणी माप घेऊन कापलं होतं.

ओळ संपली, बांध आला. आता गोल कसा फिरायचा? चुलती बांधावर चढली, अंग वळवलं आणि वारुळाच्या दुसऱ्या अंगाच्या ओळीतून परत आत शिरली, तिफणीचे बैल वळतात तशी. मागोमाग आम्ही वळलो. आता अर्ध्या बाया जात होत्या, अर्ध्या येत होत्या, मध्ये वारूळ. जाणाऱ्यांनी ओळ म्हणायची, येणाऱ्यांनी उचलायची. हरळीवर सगळ्या एकाच बाजूला तोंड करून फिरत, आता समोरासमोर येऊन एकमेकींच्या तोंडाकडे बघून गात होतो आणि हसत होतो.

मी मागूनच चुलतीला विचारलं, "काकू, हे तुला कसं सुचलं?"

"सुचायचं काय त्यात? हा फेर पेरनीचाच हाय. तुझी माय सरतं धरायची, इसरलीस?"

सरतं म्हणजे तिफणीच्या मागे दोरीने बांधलेली एकटी नळी. तिफणीतून ज्वारी पडते आणि सरत्यातून तूर. ते धरायला बाई लागते. पोटाशी बांधलेल्या ओटीत डावा हात, उजव्या मुठीतून दाणे सोडायचे, दोन बोटांनी, सारखे. बैल ओढतात, तरी बाईने धावायचं नाही, लांब टांगाही टाकायच्या नाहीत, नाहीतर दाणे कुठे दाट पडतात, कुठे पातळ. म्हणून पाऊल वीतभर. म्हणून टाचेला टाच.

"मंग ती मूठ?" मी विचारलं. "ती फुलं टाकत न्हवती?"

"फुलं?" चुलती मध्येच उभी राहिली, मागच्या पाच बाया एकमेकींवर आदळल्या. "ऐका गं, ही म्हनते फुलं! अगं, तूर टाकायची ती. तिची सासू तशीच टाकायची आन् तिची सासूबी. लातूरात ऱ्हाऊन पार डोकं फिरलं का तुझं?"

बाया इतक्या हसल्या की गाणं तुटलं. मी पण हसले, आणि हसतानाच मूठ सोडली. तेव्हा पहिल्यांदा मला हातात दाणे असल्यासारखं झालं. आईचा हात मला आठवला. पंचमीतला हात नव्हे, मृगातला. घामाने ओला, दाण्यांच्या धुळीने पांढरट, आणि अंगठ्याच्या बाजूला घट्टा. लहानपणी तो घट्टा मी दाबून बघायची. मी वर आभाळाकडे बघितलं, खाली ओळींकडे बघितलं, आणि राग कुठे गेला ते मला कळलं नाही. तो परत आला, पण तोवर अर्धा तास मी या रानात माझ्या आईच्या, तिच्या सासूच्या आणि त्या सासूच्या सासूच्या पायांनी चालत होते. त्या बायांची नावं मला माहीत नाहीत. पाय माहीत झाले.

पुढच्या वळणावर भावजयीने मागून नवीन ओवी सोडली. आमच्याकडे फेरात जोडून म्हणायची मोकळीक असते.

"पेरलं गं सोयाबीन, भाऊ माझा हुशार,
बहिणीच्या पावलाला ठेवली न्हाई वीतभर!"

नवरा बांधावर उभा आणि बायको हे गाते आहे. सगळ्यांनी ती ओवी चार वेळा उचलली. भावाची टोपी तिरपी झाली. तो हसायचं नाही असं ठरवून हसत होता.

"आता बास की!" तो ओरडला.

"बास कशाला? तुझं सोयाबीन खूश हाय," चुलतीने ओरडून सांगितलं. "युरिया टाकायची गरज न्हाई आता."

फेर झाला. बाया गुडघ्यापर्यंत काळ्या होऊन बांधावर बसल्या आणि लाह्या-फुटाणे खायला लागल्या. भाऊ ओळींमधून फिरून आला. एक एक ओळ वाकून बघितली. बावीस बाया तासभर नाचल्या होत्या आणि एक झाड मोडलं नव्हतं. दोन कलंडली होती, ती भावजयीने बोटांनी माती दाबून सरळ केली. मला वाटलं, आता याला लाज वाटेल. आता म्हणेल, अक्का, चुकलं, पुढच्या साली जागा सोडतो.

तो बांधावर आला, कमरेवर हात ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "झाला की नाच! अन् झ्याक झाला. आजवर असा फेर बगितला न्हवता. मंग अक्का, जागा न्हाई म्हनून कशापायी वरडून राहिली होतीस? जागा लागतच न्हाई की!"

सगळ्या हसल्या. चुलती हसली. आणि मीसुद्धा हसले. ते हसू हीच माझी चूक. व्यवहार चालू असताना हसायचं नाही, हे मी रोज पाळते. हसलं की समोरचा ते 'मान्य' असं धरतो.

त्याने तसंच धरलं. त्या दिवसापासून गावभर सांगत सुटला आहे की अक्कानेच दाखवून दिलं, फेराला मोकळी जमीन लागत नाही. मला फोनवर म्हणाला, "या साली सोयाबीन निघालं की तिथं ऊस लावतो. पानी झालंय आता. वारुळाला हात लावनार न्हाई, आईची शपथ हाय."

मी विचारलं, "उसात बाया कशा नाचतील?"

"नाचशील तू. तुला समदं येतंय."

मी फोन आपटला. नंतर बराच वेळ एकटीच हसत बसले, कारण उत्तर झकास होतं आणि माझ्या कुळातलंच होतं. पण हसून झालं. आता विचारते.

तम्मा, पंचमीला ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. त्याचं पान हाताला लागलं तर रक्त काढतं. त्यात समोरून येणारी बाई दिसत नाही, वारूळ दिसत नाही, गायलेली ओळ पुढच्या सरीत पोचत नाही. सोयाबीनमध्ये आम्ही नाचलो, कारण चुलतीला वाट सापडली. ती वाट तू आम्हाला दिलेली नव्हतीस, म्हणून तिच्यावर तुझा दावा चालणार नाही. वारूळ तू राखलंस, ते मी मान्य करते. पण वारूळ मी माती बघत बसायला मागितलं नव्हतं, आणि हे तुला सही घेताना माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणत असशील तर आईची शपथ तू कशासाठी एवढ्या चटकन घेतलीस?

आपल्या घराण्यातल्या बायांचे पाय त्या गोलात किती पिढ्या पडले ते कोणी सांगू शकत नाही. तुझ्या तिफणीने तो गोल एका सकाळी मोडला. बैलगाडी वळेल एवढी जागा, त्याहून वीतभर जास्त मी मागत नाही. ती तू सोडणार की नाही? सोडणार नसशील तर तसं सांग, पण मला फोनवर सांगू नको. उसाची लागण करण्याआधी चुलतीच्या ओसरीवर ये, ती समोर बसलेली असताना तिच्या पायांकडे बघ, आणि मग उत्तर दे.